फोटोची पाठ

विश्वामित्री आत आली ती मागच्या दाराने,
ओळखीच्या बाईसारखी,
आणि तीन दिवस राहिली.
कारेलीबागेत मगर दिसल्याचं जो तो सांगत होता.
आमच्याकडे मगर आली नाही.
आमचा फक्त कपाटाचा खालचा कप्पा गेला.

त्यात अल्बम होते, चिकट पानांचे,
बाबांनी मंगळबाजारातून घासाघीस करून आणलेले.
प्लास्टिक उचललं, तर कुमुदआत्याचा चेहरा
प्लास्टिकबरोबर निघून आला.
कागदावर राहिला शालू,
शालूवर मोत्यांचा सर,
त्याच्या वर मांडवाचं थोडं हिरवं.

गच्चीवर दोरी बांधली.
चिमटे पुरेनात, सोनलबेनने खालून तिचे पाठवले.
तिच्या पंजाबी ड्रेसांच्या शेजारी
निरंजनची मुंज वाळत होती,
भिक्षावळीतला एक लाडू अजून स्पष्ट.

संध्याकाळी त्याचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल.
‘ताई, तुला म्हटलं होतं ना,
सगळं स्कॅन कर, क्लाउडवर टाक.’
ढगांवर त्या आठवड्यात
माझा फारसा भरवसा नव्हता.
आणि त्याच्या लेकीची पहिली दोन वर्षं
एका हार्डडिस्कमध्ये आहेत,
जोडली की ती नुसती टिकटिकते.
हे मी काढलं नाही.
थोरल्या बहिणीने सगळंच बोलायचं नसतं.

एक फोटो पूर्ण पांढरा झाला होता.
कोण, कुठे, काही नाही.
टाकायला म्हणून उचलला, तर मागे अक्षर.
प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनचं,
टू-एच पेन्सिलचं,
न आखलेल्या रेघेवर सरळ उभं:

‘कमाटीबाग. रविवार.
सौ.ने डोळे मिटले.
पुन्हा काढायला रोल शिल्लक नाही.’

पुढे आई नाही, बाग नाही.
मिटलेले डोळे तेवढे
पाठीवर शाबूत.

रावपुऱ्यात परेशभाईंच्या लॅबमध्ये गेले.
फोनमध्ये चौदा हजार दोनशे सहा फोटो.
त्यात गॅसबुकाचे अकरा,
भिंतीच्या ओलीचे पाच,
एकाच केकचे एकोणतीस.
म्हटलं, छत्तीस काढायचेत.
‘बस, एटलाज?’
रोल तेवढाच असतो, म्हटलं.

निवडायला तीन दुपारी लागल्या.
एका स्टुलावर बसून मी माणसं गाळत होते,
चुलतभाऊ, विहिणी, एक अख्खी सोसायटीची सहल.
इतकं वाईट मला
ते काढताना कधी वाटलं नव्हतं.
आणि एक गोष्ट लक्षात आली:
चौदा हजारांत कोणाचेच डोळे मिटलेले नाहीत.
तसे आपण तिथल्या तिथे पुसतो
आणि म्हणतो, परत एकदा, हसा.

शेवटी एक सापडला, चुकून राहिलेला.
अहमदाबादचा विमानतळ, निरंजन,
पापण्या खाली, तोंड अर्धवट उघडं,
बहुतेक ‘निघतो’ म्हणत असावा.
तो पहिला दिला.

घरी येऊन पाठीवर लिहायला बसले,
तर पेन्सिल उमटेना.
नवा कागद गुळगुळीत, काही धरत नाही.
परत गेले. परेशभाईंनी काळा मार्कर दिला,
म्हणाले, ‘पाणीमां पण नहीं जाय, बेन.’
बघू, म्हटलं. नदीला विचारू.

तारीख घातली. नाव घातलं.
पुढे काय लिहावं ते सुचलं नाही,
म्हणून लिहिलं: सामान सात किलो जास्त झालं होतं.

पांढरा फोटो अल्बमात उलटा लावला आहे,
अक्षर आपल्याकडे,
आई पलीकडे.
अल्बम आता सगळ्यात वरच्या कप्प्यात.
काढायला खुर्ची लागते,
आणि खुर्ची धरायला कोणीतरी.